राखेतला डावा पाय

अहो, तुमच्या नावाचं पीठ मी अजून टाकलेलं नाही. परातीत होतं तसंच आहे, वर टोपली झाकलेली. काल तुमची आक्का गिरडला परत जाताना दारातून वळून वळून सांगून गेली, "तेरवी झाली, आता वाहत्या पाण्यात सोडून दे वं ते." मे महिना संपत आलाय. वणा नदीच्या कोरड्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतायत. वाहतं पाणी आणू कुठून, ते काही तिने सांगितलं नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कायले सोडते, पोळ्या लाट त्याच्या." आणि मी तुमच्यावर ओरडले असते. ओरडायलाही समोर माणूस लागतो हो. आता दिवसभर एकटीच बडबडते, तर शेजारच्या बायका गुड्डीला हळूच विचारतात, आई बरी आहे ना.

तुमच्या जाण्याबद्दल मी इथे काही सांगत बसणार नाही. जेवून कूलरसमोर आडवे झालात, चहाला उठवायला आले तर उठला नाहीत, एवढंच. डॉक्टर हृदयाचं नाव घेऊन गेले. मला राग याचा आहे की आपलं एक भांडण अर्धं होतं. अर्ध्या भांडणातून उठून जायची तुमची सवय जुनीच, पण दरवेळी पानपट्टीपर्यंत जाऊन परत यायचात.

भांडण पाण्याचं होतं. म्हणजे तसं अंगणाचं.

कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपला की तुम्हाला घर सापडायचं. हिवाळाभर रुईच्या धुळीत खोकत, अंगावर पांढरं घेऊन यायचात आणि मे उजाडला की बी.एस्सी. झालेला माणूस अंगणात उतरायचा. मास्तरकी मिळाली नाही ती तुम्ही आपल्या अंगणात करून घेतलीत. गल्लीतल्या आया खूश. पोट्टे सकाळी आपल्याकडे आले की त्यांना दोन तास शांतता. मला मात्र घरातली एकेक वस्तू लपवून ठेवावी लागायची. नवा कोरा माठ आणला तर त्याला बाहेरून ऑइलपेंट फासलात, दुसरा तसाच ठेवलात, आणि दोन्हींतलं पाणी पोरांना पाजून विचारत बसलात की रंगवलेल्याचं गरम काऊन. मी म्हटलं, मला विचारलं असतं तर मी माठ न नासवता सांगितलं असतं. तुम्ही म्हणालात, "सांगितलेलं टिकत नाई, प्यालेलं टिकते."

पण ओल्या पायांचा खेळ मला आवडायचा. कधी कबूल केलं नाही, आज करते. दुपारी अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाय ठेवायची सोय नसायची. सगळी पोरं पडवीच्या सावलीत, बादलीत पाय बुडवून ओळीने उभी. तुम्ही "चला" म्हटलं की एकेकाने पळत फरशीवर दोन पावलं उमटवायची आणि परत यायचं. मग सगळ्यांनी नुसतं बघायचं. आधी बोटं जायची, मग कडा, मग टाच. सपाट पायाचा ठसा जास्त वेळ राहायचा. गल्ली सुनसान, कुत्रंसुद्धा नालीत जाऊन पडलेलं, आणि रिकाम्या फरशीवरून कुणीतरी चालत येऊन नाहीसं होतंय असं वाटायचं. दिवसाढवळ्या माझ्या अंगावर काटा यायचा.

तुमचा ठसा पोरं सगळ्यात आधी ओळखायची. डाव्या पायाची करंगळी नाही. लग्नाच्याही आधी जिनिंगमध्ये रुईची गच्च बांधलेली गाठ पायावर पडली होती तेव्हा गेली. पोरांनी तुमचं नाव चारबोट्या ठेवलं होतं आणि तुम्हाला त्याचा कोण अभिमान.

"काका, पाणी गेलं कुठं?" कुणीतरी विचारायचंच.

"गेलं नाई. हवेत हाय. दिसत नाई म्हणजे नाई असं नसते."

इथे मी तुम्हाला पकडलं होतं. पोरं गेल्यावर म्हटलं, मग माणसाचंही तसंच का नसावं? दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं, तुम्हीच म्हणता. तुम्ही हसला नाहीत, हे विशेष. म्हणालात, "पाण्याचं मी दाखवू शकतो. बर्फ टाकलेला गिलास ठेव, बाहेरून थेंब लागतात. ते हवेतलं पाणी. माणसाचा असा गिलास तुह्याजवळ असन तं आण."

"आणि नसला तर?"

"तं मले ठाऊक नाई."

हे "मले ठाऊक नाई" तुम्ही इतक्या ऐटीत म्हणायचात की जसं काही पदक मिळालंय. मी म्हटलं, ठाऊक नाही म्हणजे काही नाही असं थोडीच. तुम्ही म्हणालात, काही आहे असंही नाही. तेवढ्यात दूध उतू गेलं. ते भांडण तिथे राहिलं ते राहिलंच.

आणि ती फळी. जुन्या दाराची एक फळी तुम्ही कडुनिंबाखाली आडवी टाकून ठेवली होती. संध्याकाळी चुलीची राख चाळून तिच्यावर पसरायची, हाताने सारखी करायची, आणि सकाळी उकिडवं बसून वाचायचं, कोण येऊन गेलं. चिमणी, खार, गोम, मुंगूस. पाखराला पुढे तीन बोटं, मागे एक. पालीची पाचही बोटं पसरलेली आणि मधून शेपटीची रेघ. पोरांना ही मोठी गंमत वाटायची. मला नाही वाटायची. आपण बाजा टाकून अंगणात झोपलेलो असताना आपल्या आजूबाजूने इतकं कोण कोण चालतं, हे मला कळायलाच नको होतं. एका सकाळी सापाची वळणं उमटली होती. फळीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, आणि त्या टोकापुढे माझी बाज. तुम्ही पोरांना म्हणालात, "पाहा, किती सावकाश गेला, भ्याला नाई." मी तेव्हापासून घरात झोपते.

फळीचा नियम एकच होता. गल्लीतल्या एका पोट्टीने एकदा कोंबडीचा पाय आणून राखेत ठसे उमटवले आणि मोर आला म्हणून बोंब ठोकली. तुम्ही ओळखलंत. पोरांवर कधी आवाज न चढवणारा माणूस त्या दिवशी ओरडला. "अंदाज चुकला तं चालते. खोटं चालत नाई." ती रडली, मग तुम्ही तिला आंबा दिलात. पण नियम सगळ्यांच्या लक्षात राहिला.

मामंजी गेले तेव्हाचं आठवतं ना? गुड्डी तेव्हा रांगत होती. दिव्याजवळ परातीत पीठ पसरलं, टोपली झाकली, आणि सकाळी सगळा गोतावळा वाकून बघतोय. आक्का म्हणाली, गाईचा खूर आहे, बाबा चांगल्या योनीत गेले. सगळ्यांचे डोळे भरले. तुम्ही पुढे होऊन पाहिलंत आणि म्हणालात, "झुरळ हाय." आक्का वर्षभर आपल्या घरचं पाणी प्यायली नाही. त्या रात्री मी तुम्हाला म्हटलं, जरा गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं? तुम्ही म्हणालात, "मी गेल्यावर पीठ नको पसरू माह्या नावाचं. आणि पसरलंच तं गुड्डीले वाचाले दे."

पसरलं. मी नाही म्हणायच्या स्थितीत नव्हते आणि आक्का तयारीनेच आली होती. पीठ तिने हाताने सारखं केलं, अगदी तुम्ही राख सारखी करायचात तसं. बहीण-भाऊ, हाताची तऱ्हा तीच.

सकाळी टोपली उचलली. पिठात बारीक बारीक ठसे होते, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे. आक्का हुंदका देऊन म्हणाली, "पाखरू! भाऊ पाखराच्या जन्माले गेला." बायकांनी हात जोडले. मीही जोडले, खोटं कशाला बोलू. पाखरू म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं.

आणि आपली अकरा वर्षांची लेक माणसांच्या पायांमधून पुढे आली, उकिडवी बसली, मान वाकडी केली, अगदी तुमच्यासारखी, आणि म्हणाली, "पाखरू नाई हे, आत्या. पाल हाय. हे पाह्य, शेपटीची रेघ."

आक्काने तिला मारलं नाही. तिने फक्त पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. तिथे पाल होती, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे अर्धी, नेहमी असते तशी.

गुड्डीच्या तेव्हा लक्षात आलं की तिने काय वाचलं. माझा हात तिच्या खांद्यावर होता. तो खांदा दगडासारखा झाला.

त्यानंतर पोरगी बोलेना. पोळी कुस्करून ठेवायची, पाणी प्यायची आणि उठायची. संध्याकाळी मात्र न चुकता राख चाळायची, फळीवर पसरायची, सारखी करायची. सुतकाच्या घरात हे काय म्हणून बायका कुजबुजल्या. मी म्हटलं, करू द्या. तिला तेवढंच तर येतं तुमच्यासाठी करायला.

तुमची सावलीची काठीही अंगणात तशीच उभी आहे. दरवर्षी या दिवसांत तुम्ही पोरांना दाखवायचात, ऐन बाराच्या सुमाराला काठीची सावली आखडत आखडत पार पायाशी येते, एक दिवस दिसेनाशीच होते, आणि मग पुढे काही आठवडे दुपारची इवलीशी सावली उलट्या अंगाला, दक्षिणेकडे पडते. यंदा तो बिनसावलीचा दिवस तुमच्या सुतकात आला. गुड्डी पडवीच्या कडेला उभी राहून बघत होती. नंतर एके दुपारी ती आत आली आणि म्हणाली, "सावली फिरली." आक्का गहू निवडत होती. तिने विचारलं, कोणत्या अंगाला? गुड्डीने बोट दाखवलं. आक्काच्या हातातलं सूप थांबलं. "यमाची दिशा हाय ते," ती म्हणाली. इतकी वर्षं ती सावली दर नवतप्यात, मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, तिकडेच पडते, हे मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मी काठीच्या त्या अंगाने गेले नाही, लांबून फिरून कपडे वाळत घातले.

मग एका सकाळी आक्काची किंकाळी ऐकू आली.

फळीवर पाय होता. मधोमध, राखेत रुतलेला, डावा. चार बोटांचा.

मी पाहिलं. खरं सांगते, भीती वाटलीच. पण भीतीच्या आत दुसरंही काहीतरी होतं. मी घरात गेले आणि केस विंचरले. कुणासाठी विंचरले ते तुम्हाला सांगायला नको. सबंध दिवस मी कुठल्याही दाराला पाठ करून बसले नाही.

दुसऱ्या सकाळी पुन्हा. तिसऱ्या सकाळी पुन्हा. राख नवी पसरलेली आणि त्याच जागी तोच पाय. आक्का म्हणाली, "भाऊ गेलाच नाई. दारापर्यंत येते आन् अडकते. दारच तं हाय ते, तुम्ही आडवं टाकून ठेवलं." फळी जुन्या दाराची आहे, हे मी विसरूनच गेले होते. तिचं म्हणणं झालं की फळी जाळायची, घराला कुलूप घालायचं आणि गुड्डीला गिरडला न्यायचं. तिथल्या टेकडीवरच्या दर्ग्यातून गंडा बांधून आणायचा आणि पोरगी तिथेच ठेवायची, शाळा तिथेही आहे. "पोरीवर सावट हाय. पाह्य, कशी पाहून राह्यली." गुड्डी खरंच बघत होती. फळीकडे. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मला वाटलं, नवरा गेला तो गेला, आता लेकही चालली. कुठे चालली ते कळत नव्हतं, पण माझ्या हातातून चालली होती.

तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले आणि फळीजवळ गेले. पाय होता. मी उकिडवी बसले. तुमच्याजवळ इतकी वर्षं मी चहाचे कप घेऊन उभी राहिले, वाकून कधी वाचलं नव्हतं. पण कानावर पडलेलं कुठे जातं? तुम्ही पोरांना आधी विचारायचात, पाय किती? आला कुठून? गेला कुठं?

पाय एकच. डावाच. आलेला नाही, गेलेला नाही. मधोमध नुसता ठेवलेला. चालणाऱ्याची टाच आधी रुतते, मग चवडा माती मागे ढकलतो, हे तुम्हीच ओरडून ओरडून सांगायचात. इथे राख कुठेच ढकललेली नव्हती. आणि टाचेच्या मध्यात राखेचा एक बारीक उंचवटा होता, मुगाच्या दाण्याएवढा.

तो दाणा पाहिला आणि मला गेल्या उन्हाळ्यातली एक दुपार आठवली. माठांखालच्या ओल्या मातीत तुम्ही पाय उमटवला होता आणि पोरांनी त्यात पीओपी कालवून ओतलं होतं. मुंगसाच्या पायाचे साचे घ्यायची ती रंगीत तालीम होती. वाळल्यावर तुमचा पांढरा पाय निघाला, अख्खा. टाचेत बुडबुडा फुटून एक खड्डा राहिला होता. गुड्डीला वाईट वाटलं तर तुम्ही म्हणालात, "राहू दे. त्याच्यानं वळखू येईन, खरा कोणता आन् साचा कोणता."

मी गुड्डीच्या पेटीकडे गेले. रुईत गुंडाळून ठेवला होता. तुमचा पाय. हातात घेतला तर गार होता आणि बोटांच्या फटीत राख होती. मी तो पदरात घेतला. मागे गुड्डी येऊन उभी राहिली.

"मारू नको," ती म्हणाली. "सावली फिरली" नंतर पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला.

"काऊन केलं बाई हे? आत्याले भेव दाखवाले?"

तिने मान हलवली. "मी पाल म्हटलं ना. मंग सगळे बाबाईले पाल म्हणाले लागले."

"मंग हा पाय ठेवून सांगाचं होतं का, पाल नाई म्हणून?"

"नाई." तिने माझ्या पदरातल्या साच्याकडे बोट दाखवलं. "मी डावा ठेवत होती. मले वाटलं, एक पाय आपण ठेवला तं दुसरा ते स्वतः ठेवतीन. सकाळी पाहाले जाते तं उजवा नसतेच. रोज नसते."

अहो, मी तुमच्यासाठी खूप रडले आहे. पण त्या सकाळी रडले तसं नाही.

आक्काला मी साचा दाखवला. वाटलं, आता तरी हसेल, निदान सुटका झाल्यासारखा श्वास सोडेल. तिने साचा हातातसुद्धा घेतला नाही. लांबूनच म्हणाली, "पोरीनं केलं ते समजलं. पण पोरीच्या हातानं कोणं करवून घेतलं?" याला काय उत्तर द्यायचं? तुम्ही दिलं असतं. मी साचा पुन्हा रुईत गुंडाळून पेटीत ठेवला. खरं म्हणजे तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मानेवर बसला आहे.

पण त्याहून मोठा पेच पुढे होता. मी साचा काढून घेतला नव्हता. गुड्डीने त्या संध्याकाळीही राख पसरली, माझ्यादेखत डावा पाय उमटवला, आणि माझ्याकडे न बघता आत गेली. तिला थांबव म्हणायचा मला धीर झाला नाही. आणि तेरवीच्या दिवशी पहाटे मी फळीपाशी उभी होते, अनवाणी. गुड्डी उठायला अवकाश होता. मला फक्त एवढंच करायचं होतं. डाव्याच्या पुढे उजवा ठेवायचा. माझा पाय मोठा आहे, तुम्ही नेहमी चिडवायचात, तुमची चप्पल मला येते म्हणून. राखेत कुणाला कळलं असतं? पोरगी धावत आली असती, हसली असती, जेवली असती. पाय उचलला होता मी. राखेपासून चार बोटांच्या अंतरावर.

तुमचा तो आवाज आठवला. अंदाज चुकला तर चालतं. आणि हेही मनात आलं की आज उजवा दिसला तर उद्या तिला पुन्हा डावा हवा, परवा पुन्हा उजवा, आणि मी म्हातारी होईपर्यंत पहाटे उठून तुमची पावलं टाकत राहीन, आणि ती लग्नाच्या वयाची होऊन फळीशेजारी बसून राहील. मी पाय मागे घेतला. गुड्डी उठली, पाहिलं आणि परत आत गेली. तेरवीचं जेवण सगळ्यांनी केलं. तिने भाताची शितं नुसती चिवडली.

दुपारी आक्का निघाली. गुड्डीची पिशवी तिने भरून ठेवली होती. मी म्हटलं, पोरगी जाणार नाही. आक्का म्हणाली, तिचं काही झालं तर तू जबाबदार. मी म्हटलं, हो, मीच. ती रागाने रिक्षात बसली, पण बसताना रडत होती. तिचाही भाऊच गेला आहे. मी तिला पुढच्या आठवड्यात फोन करीन, तुम्हा बहीण-भावासारखं वर्षभर ताणणार नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी स्वतः राख चाळली. गुड्डीला हाक मारली. साचा तिच्या हातात दिला. "ठेव," म्हटलं. तिने घाबरत घाबरत ठेवला, दाबला, उचलला. मग मी चप्पल काढली आणि तिच्या डोळ्यांसमोर, डाव्याच्या एक पाऊल पुढे, माझा उजवा पाय ठेवला.

"वाच," मी म्हटलं.

ती उकिडवी बसली. "डावा बाबाईचा," ती म्हणाली. "साच्याचा. टाचेत दाणा हाय." मग पुढे सरकली. "उजवा तुहा. टाच जास्त रुतली. तू खरी चालली."

"उजवा त्याइचा येईन का, गुड्डे?"

"मले ठाऊक नाई," ती म्हणाली, आणि मग माझ्या कुशीत शिरून इतकी रडली की माझा पदर भिजला. मला वाटतं, ती तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच रडली. आम्ही दोघी राख सारखी न करता आत आलो.

आणि आज सकाळी, म्हणजे आत्ताच, तिनेच मला उठवायला हाक मारली. फळीवर आमचे दोन पाय होते तसेच होते. पण कडुनिंबाच्या बाजूने एक बारीक रेघ आली होती. पाच पाच बोटं दोन्हीकडे, मधून शेपटी. सरळ तुमच्या डाव्या पायापर्यंत. टाचेतून आत उतरली होती. तिथे ठसेच ठसे, एकावर एक, जसं काही कुणी बराच वेळ तिथे बसून होतं, कूस बदलत. मग चौथ्या बोटापाशी, तुमची करंगळी नाही तिथून, ती बाहेर पडली होती. माझ्या पायाला तिने वळसा घातला होता. आणि मग रेघ फळी सोडून फरशीवर गेली, घराच्या दाराच्या दिशेने. फरशीवर राख नाही, त्यामुळे पुढचं वाचता येत नाही.

गुड्डीने सगळं बोटाने दाखवत वाचलं. आवाज कापला नाही तिचा. "पाल हाय, आई. इथून आली. इथं थांबली. मंग घरात गेली." आणि मान वर करून विचारलं, "थांबली काऊन असन?"

माझ्या मानेवर काटा होता. उत्तरं दोन-चार सुचली, आक्काची एक, तुमची एक. गार राख, किडे, खड्डा. मी म्हटलं, "मले ठाऊक नाई."

तिने मान डोलावली, जसं काही उत्तर बरोबर आलं. मग उठून हात झटकले आणि म्हणाली, "पोळी दे. भूक लागली."

गुड्डी आत जेवते आहे. दुसरी पोळी घेतली. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे ती पाल आहे, अर्धी. एरवी मी झाडू घेऊन धावते, तुम्हाला माहीत आहे. आज धावले नाही. नुसतं पाहिलं, आणि तिनेही पाहिलं असेल.

ते परातीतलं पीठ मी नदीत सोडणार नाही. आज संध्याकाळी राखेऐवजी तेच फळीवर पसरीन. तुमचं भांडण अजून माझ्याकडे आहे, आणि माझ्याजवळ माणसाचा गिलास नाही, हे मी मान्य करते. पण यायचं असेल तर या. दोन पायांनी या, एका पायाने या, शेपटीची रेघ ओढत या. तुमची लेक सकाळी उकिडवी बसेल आणि जे असेल तेच वाचेल.